मोरी तुंबली की कुणाला बोलावता?



पाऊस तोंडावर आला की वस्तीत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पालिकेची माणसं म्हणतात, हे लोकच कचरा टाकतात म्हणून गटार तुंबतं. आपण म्हणतो, पालिका गटार काढतच नाही. दोन्हींत तथ्य आहे. पण पहिल्या वाक्यातला तुच्छपणा आम्हाला मान्य नाही. टॉवरमधल्या पाइपांतही तेल, केस आणि पॅडच अडकतात. तिथे त्याला 'ड्रेनेजचा प्रॉब्लेम' म्हणतात, आपल्याकडे मात्र ती आपली सवय ठरते.

तरी आपल्या हातातलं आधी बोलू. 10 बाय 12 च्या खोलीत मोरी एकच. अंघोळ, भांडी, कपडे, सगळं एकाच पाइपातून जातं. यातला खरा गुन्हेगार तेल. गरम असताना ते पाण्यासारखं वाहून जातं, म्हणून आपल्याला वाटतं गेलं. पाइपात थंड झालं की आतून चिकटून बसतं. डालडा आणि रविवारच्या मटणाची चरबी तर मेणासारखी थिजते. त्या थरावर भाताची शितं, चहाचा चोथा, केस आणि साबणाचा साका बसत जातो. दोन बोटांचा पाइप एका बोटाचा होतो. मग शाम्पूच्या पुडीचा फाडलेला एवढासा कोपरा आडवा अडकला तरी पाणी मागे फिरतं. भांडी घासायची राख आणि माती जड, ती वाकणात खाली बसते.

उपाय साधे आहेत. कढई आणि ताटं आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग पाण्याखाली धरा. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी ठेवा, नसेल तर चहाची जुनी गाळणी चालते. जाळीवरचे केस आणि खरकटं रोज उचलून कचऱ्याच्या डब्यात टाका. हे काम सुनेचंच आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि थोडी साबणाची पावडर ओता. पाणी उकळतं नको, प्लॅस्टिकचा पाइप नरम पडून सांधे ढिले होतात.

आपल्या विहारांचंही बोललं पाहिजे. बुद्ध पौर्णिमेला खीर, 14 एप्रिलला भोजनदान. मोठी पातेली विहारामागच्या नळावर घासतात, उरलेली खीर, भात, भाजीचा तवंग सरळ गटारात. दोन दिवसांनी त्याच गल्लीत वास सुटतो. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या स्नानगृहात पाणी साचू लागलं तेव्हा पाणी निघून जायला मोरी करण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली, असं नोंदलेलं आहे. इतकी बारीक गोष्टही तेव्हा क्षुल्लक वाटली नव्हती. भोजनदानाच्या यादीत तांदूळ-साखरेबरोबर खरकट्यासाठी दोन मोठे ड्रमही लिहायला काय हरकत आहे?

पॅडबद्दल बाया कुजबुजतात, आम्ही मोठ्यानेच बोलतो. पॅड पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेलं असतं. ते संडासात टाकलं की आतही तेच करतं. कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. पण सार्वजनिक शौचालयात डबाच ठेवलेला नसेल, तर चौदा वर्षांच्या मुलीने ते हातात घेऊन गल्लीतून जायचं का? तिथे दोष मुलीचा नाही. झाकणाचा डबा आणि तो रोज उचलणं ही पालिकेकडे करायची मागणी आहे.

तुंबलेल्या गटाराचा आजाराशी संबंध सरळ आहे. आपल्या पाण्याच्या लाइनी बऱ्याच ठिकाणी गटारातूनच जातात. नळ बंद असताना रिकामा पाइप फटीतून गटाराचं पाणी आत ओढतो, आणि सकाळच्या पहिल्या हंड्यात जुलाब, कावीळ, टायफॉइड येतो. त्यामुळे पहिलं गढूळ पाणी सोडून द्या, प्यायचं उकळा. उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो. पायाला जखम असलेलं पोर साचलेल्या पाण्यातून चाललं आणि पुढे ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं दिसलं, तर मेडिकलमधून गोळी आणून वेळ काढू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मोरी तुंबलीच तर काय करता? बरेच जण ॲसिडची बाटली आणतात. त्याने हात भाजतात, डोळे जातात. आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल आणि वरून ॲसिड ओतलं, तर विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि 10 बाय 12 च्या खोलीत त्याला बाहेर जायला जागा नसते. रबरी पंप वापरा, लांब लवचीक तार घाला, प्लंबर बोलवा.

आणि चेंबर तुंबलं तर? तर कुणाला तरी शंभर-दोनशे रुपये आणि क्वार्टर देऊन आत उतरवलं जातं. तो माणूस कुठल्या जातीतला असतो हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. आपल्याच मागच्या पिढ्यांना त्या कामाला जुंपलं होतं. आज आपण पैसे देणाऱ्या बाजूला उभे असू, तर बावीस प्रतिज्ञा म्हणताना आपला आवाज कसा निघतो, असा आमचा प्रश्न आहे. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख ठरवली होती, 2023 मध्ये ती 30 लाख केली. विधवा बाईला हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

चेंबर हे पालिकेचं काम आहे. वॉर्ड ऑफिसात तक्रार लेखी द्या, पोच घ्या, त्यावर दहा घरांच्या सह्या असू द्या. सक्शन मशीन मागा. गल्ली अरुंद आहे, गाडी येत नाही, असं सांगतील. लांब पाइपाची छोटी यंत्रं असतात, तीच मागा. काढलेला गाळ कडेला ठेवून गेले तर पहिल्या सरीत तो परत आत जातो, म्हणून गाळ उचलेपर्यंत सही देऊ नका.

आणि कुणी उतरलाच आणि आत कोसळला, तर त्याच्या मागे उतरू नका. आतला वायू दिसत नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाक बधिर होऊन तोही कळेनासा होतो. एकाला काढायला गेलेले दोन असेच जातात. 101 ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवा, आणि ते येईपर्यंत कुणालाही, त्याच्या सख्ख्या भावालाही, धरून ठेवा.