स्वतंत्र व्यावसायिकांच्या थकीत बिलांबाबत निवेदन

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
जिल्हा उद्योग केंद्र, भंडारा

विषय : केलेल्या कामाचे पैसे मुदतीत मिळण्यासाठी उपाययोजना करण्याबाबत.

महोदय,

आम्ही कारधा येथे डीटीपी, डिझाइन, फोटो-व्हिडिओ, एडिटिंग व हिशेबलेखनाची कामे स्वतंत्रपणे करतो. आमचे बरेच ग्राहक वैनगंगेपलीकडे भंडारा शहरात आहेत. काम फोनवर ठरते, फाइल त्याच दिवशी हवी असते. बिल मात्र महिनोन्महिने अडकते. तगादा लावला तर पुढचे काम जाते, म्हणून अनेकजण हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र थांबत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 नुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारात मुदत नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. दाद याच कायद्याखालील फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागता येते. परंतु त्यासाठी कामाआधी उद्यम नोंदणी हवी. ती नसल्याने हा कायदा आमच्या कामी येत नाही.

आमच्या बाजूने आम्ही शिस्त पाळू : लेखी ऑर्डर व इसार घेतल्याशिवाय काम सुरू करणार नाही, वाढीव बदलांचा दर आधी कळवू, बिलावर मुदत लिहू, थकल्यास लेखी स्मरणपत्र व त्यानंतर नोटीस देऊ आणि अंतिम फाइल पूर्ण रक्कम मिळाल्यावरच सोपवू.

आमच्या मागण्या :

1. कारधा येथे मोफत उद्यम नोंदणी शिबिर घ्यावे.
2. कामाची ऑर्डर, बिल व नोटीस यांचे सोप्या मराठीतील नमुने द्यावेत.
3. कौन्सिलकडे अर्ज भरण्यासाठी आपल्या कार्यालयात ठरावीक दिवशी मदत कक्ष चालवावा.
4. कौन्सिलपुढील सुनावणी दूरदृश्य प्रणालीद्वारे व्हावी, यासाठी आपण शिफारस करावी. छोट्या बिलासाठी रोजगार बुडवून प्रवास परवडत नाही.
5. शासकीय कार्यालयांनी अशा कामांची लेखी ऑर्डर देऊन बिले मुदतीत अदा करावीत, असा प्रस्ताव मा. जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्याआधी शिबिर झाले, तर या हंगामातील कामांनाच कायद्याचे संरक्षण मिळेल. म्हणून शिबिराची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वतंत्र व्यावसायिक,
कारधा, ता. व जि. भंडारा

प्रत : मा. जिल्हाधिकारी, भंडारा