धूळ वाळवंटातली, खोकला घरातला

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबईतल्या भगिनींना आठवत असेल. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, मोटारींच्या टपांवर पिठासारखा पांढरट थर बसला होता. आभाळ धुरकट, ऊन फिकं, आणि भर दुपारी शाल घ्यावीशी वाटेल असा गारठा. कुठे आग लागली नव्हती की कुठला कारखाना जास्त धूर ओकत नव्हता. पाकिस्तानच्या बाजूला उठलेलं धुळीचं वादळ वाऱ्यावर बसून अरबी समुद्रावरून थेट आपल्या दारात आलं होतं. ऊन त्या धुळीतच अडल्यामुळे दिवस तापलाच नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण घरात धूळ दिसली की बोलणी गृहिणीलाच बसतात. पोराला खोकला झाला की, "घर नीट झाडत नाही, म्हणून!" अहो, पण हवा घाण करणारं सगळंच काही माणसाचं नसतं. वाळवंटातली धूळ, फुलांचे परागकण, पावसाळ्यातली बुरशी, समुद्राच्या लाटांतून उडणारं मीठ, वणव्याचा धूर, ज्वालामुखीची राख हे सारं निसर्गाचंच. मोटारी आणि चुली नव्हत्या तेव्हाही हे होतंच.

यातलं सगळंच वाईट असंही नाही बरं का! ढगातला पाण्याचा थेंब बाळसं धरतो तो धुळीच्या किंवा मिठाच्या कणाभोवती. असे कण हवेत नसते तर आपल्याला ओळखीचा असा पाऊसच पडला नसता. सहारा वाळवंटाची धूळ अटलांटिक महासागर ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलाला फॉस्फरसचं खत पुरवते. आणि ज्वालामुखीचं बळ पाहायचं तर १९९१ च्या जूनमधला फिलिपिन्समधला पिनाटुबो आठवा. त्यातून सुमारे दीड कोटी टन गंधकाचा वायू उंच आभाळात गेला. त्याचे बारीक थेंब पृथ्वीभोवती पसरले, त्यांनी ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षी साऱ्या जगाचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरलं.

पण आपल्याला काळजी आहे ती लेकराच्या छातीची. मोठे कण नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. खरी पीडा बारीक कणांची. अडीच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. दम्याच्या मुलाची श्वासनलिका आधीच हुळहुळी असते. ती सुजते, आवळते आणि छातीतून सूं-सूं आवाज येऊ लागतो.

परागकणांचं एक उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरावर गडगडाटी वादळ आलं. हवेत गवताचे परागकण भरपूर होते. ते वादळात ओले होऊन फुटले, त्यांचे सूक्ष्म तुकडे हजारो लोकांच्या छातीत गेले. इस्पितळं भरून गेली, दहा जण दगावले. त्या दिवसापर्यंत आपल्याला दमा आहे हे कित्येकांना ठाऊकही नव्हतं.

आपल्याकडचं असं गवत म्हणजे गाजरगवत. मूळ अमेरिकेकडचं, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज, चट्टे येतात, परागकणांनी शिंका आणि दमा. सोसायटीच्या कुंपणाशी ते दिसलं तर फुलं येण्याआधीच, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटवून घ्या. हातमोजे मात्र घालायलाच हवेत, आणि ज्याला दमा आहे त्याने या कामाला हात लावू नये.

आता घरात काय करायचं ते सांगते.

धुळीच्या दिवशी केरसुणी कोपऱ्यातच राहू द्या. कोरडं झाडलं की बसलेली धूळ पुन्हा उठते आणि तासन् तास हवेत तरंगते. ओल्या फडक्याने आधी पंख्याची पाती, मग कट्टे आणि शेवटी फरशी पुसा. त्या दिवशी गाद्या, उशा उन्हात घालू नका, कपडे आत वाळवा. खिडक्या लावून घ्या. स्वैपाकघरातला धूर बाहेर टाकणारा पंखा मात्र चालू ठेवा, आणि उदबत्ती, धूप, डासांच्या कॉईलला त्या दिवशी सुट्टी द्या. बाहेरच्या धुळीत घरच्या धुराची भर कशाला?

बाहेर जायचंच असेल तर रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. करोनाच्या दिवसांतली एन-९५ मुखपट्टी कामी येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आजची हवा कशी आहे ते सकाळीच पाहून घ्यावं.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरली की तिची बीजंही हवेत उडतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी टाका. गळती मात्र आधी दुरुस्त करून घ्या. तसंच ठेवून वरून रंग दिला तर बुरशी महिनाभरात परत हजर!

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिला असेल तर 'सवय लागेल' या भीतीने तो मनाने बंद करू नका. पंपाचं व्यसन लागत नाही. त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून थोडंसंच पुरतं. मुलाला धाप लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर काढा, वाफ, शेक यात वेळ घालवू नका. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सांगितलेला पंप द्या आणि तडक इस्पितळ गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

एक छोटीशी वही स्वैपाकघरात खिळ्याला टांगून ठेवा. कोणत्या तारखेला खोकला वाढला, त्या दिवशी वारा, धूळ, पाऊस, फुलं यांतलं काय होतं, एवढं दोन ओळींत लिहायचं. वर्षभराने तीच वही डॉक्टरांपुढे उघडलीत की दुखण्याचं मूळ सापडायला मोठी मदत होईल. आणि "झाडत नाहीस म्हणून" असं म्हणणाऱ्यांनाही तीच दाखवता येईल.