चुडा भरताना एवढं लक्षात असू द्या

लग्न ठरलं की हिरवा चुडा आलाच. मंगळागौर, डोहाळजेवण, चैत्रातलं हळदीकुंकू, कोणत्याही निमित्ताने आपल्या घरात काचेच्या बांगड्या भरल्या जातात. साडी घेताना आपण पोत पाहतो, सोनं घेताना हॉलमार्क पाहतो. बांगडीचं मात्र माप आणि रंग सांगितला की काम संपतं. या लग्नसराईत ती बांगडी कोणाच्या हातांनी घडली, याचाही विचार करा, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

बहुतेक वेळा ती फिरोजाबादेत घडलेली असते. आग्र्यापासून साधारण ४० किलोमीटरवरचं हे शहर देशातल्या काचेच्या बांगड्यांचं सर्वांत मोठं केंद्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या काच घडवणारे शीशगर तिथे राहत आले आहेत. रेती, सोडा आणि भंगार काच मातीच्या मोठ्या कुंड्यांत हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळवतात. कारागीर लोखंडी सळईवर तो तप्त गोळा उचलतो. त्याची तार ओढून फिरत्या लाटेवर गुंडाळली की स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं. ते कापलं की सुटी कडी हातात येतात, पण त्यांची तोंडं उघडी असतात.

इथून पुढचं काम कारखान्याबाहेर, वस्त्यांमधल्या घरांत चालतं. छोट्या ज्योतीवर कडं सरळ करायचं आणि त्याची दोन टोकं जोडायची. जोडणीच्या या कामाला तिथे ‘जुडाई’ म्हणतात. हे काम मोठ्या प्रमाणावर बायका करतात. वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून कोंदट खोलीत बसायचं आणि तासन्‌तास नजर ज्योतीवर ठेवायची. मजुरी नगावर ठरते आणि ती अगदी तुटपुंजी असते. घरच्या कमाईने भागत नाही म्हणून मुलंही या कामाला जुंपली गेली. अनीस जंग यांनी ‘लॉस्ट स्प्रिंग’मध्ये फिरोजाबादच्या अशा मुलांबद्दल लिहिलं आहे आणि त्यातला भाग बारावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात आहे.

हे चित्र बदलता येतं. ताजमहालाचा संगमरवर धुराने खराब होतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडायला लावला आणि फिरोजाबादच्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर आल्या. दगडासाठी एवढा आग्रह धरता आला. मग ज्योतीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांसाठी आणि छातीसाठीही तो धरायला हवा.

आपण काय करू शकतो? पहिलं म्हणजे, काचेचीच बांगडी घ्या. प्लास्टिकची घेतल्याने त्या बाईचे हाल थांबत नाहीत, फक्त तिचं काम जातं. दुसरं, कासाराशी डझनामागे पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका. तुमचे जास्तीचे पैसे थेट फिरोजाबादेत पोचतील असं नाही. पण आपण भाव पाडत राहिलो तर त्याची झळ शेवटी सर्वांत गरीब हातालाच बसते. तिसरं, लग्नासाठी किंवा महिला मंडळासाठी घाऊक खरेदी करत असाल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा, की हा माल कोणाकडून येतो आणि त्यात मुलांचे हात लागले आहेत का? चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीला लावणं हा गुन्हा आहे. एकाच्या प्रश्नाने फार काही होणार नाही, पण दहा गिऱ्हाइकं विचारू लागली की दुकानदारही व्यापाऱ्याला विचारतो. चौथं, फुटलेल्या बांगड्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून सुक्या कचऱ्यात वेगळ्या द्या. सफाई कामगाराचा हात कापणार नाही आणि काच पुन्हा भट्टीत जाऊ शकेल. आणि आग्र्याला गेलात तर ताज पाहून लगेच परतू नका. एक दिवस फिरोजाबादसाठी ठेवा. मुलांना भट्टी दाखवा, कारागिरांशी बोला.

सामान्य माणसाच्या हातात काय आहे, असं कुणी म्हणेल. त्यांनी तळेगाव आठवावं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना सुरू झाला. तिथे देशी काचेचे कारागीर तयार झाले. तो पैसा देणारे लोक तुमच्या-माझ्यासारखेच होते. आज आपल्याला वेगळी वर्गणी काढायची गरज नाही. बांगड्या आपण घेणारच आहोत. त्या घेताना घासाघीस सोडू या आणि एक प्रश्न जरूर विचारू या.