आधी भूप शोधा, मग पैसे भरा

शास्त्रीय संगीतासाठी कोणत्या ॲपचे पैसे भरावेत, असं विचारलं की जाहिराती कोट्यवधी गाण्यांचे आकडे तोंडावर फेकतात. ते बाजूला ठेवा आणि किशोरीताई आमोणकरांनी गायलेला भूप राग शोधा. विलंबित ख्याल संपून ‘सहेला रे’ सुरू होताना मध्येच साबणाची जाहिरात आली, तर ती फुकटची योजना बाद. दुसरी परीक्षा माहितीची. ही ॲपं गायक, अल्बम, गाणं या चौकटीत बांधलेली. राग कोणता, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, याला तिथे धड रकाना नसतो. पाश्चात्त्य संगीताचं असंच दुखणं ओळखून ॲपलने २०२१ साली प्राइमफोनिक ही सेवा विकत घेतली आणि २०२३ मध्ये क्लासिकलसाठी वेगळं ॲप काढलं. तिथे संगीतकार, रचना, वाद्यवृंद संचालक यांच्या नावाने शोधता येतं. बेथोव्हनच्या श्रोत्याने बिनदिक्कत तेच घ्यावं. यमन-मारव्याच्या श्रोत्यासाठी इतकी चोख सोय अजून मोठ्या ॲपांवर नाही. ‘लॉसलेस’ला, म्हणजे दर्जा न घटवता दिलेल्या आवाजाला, भुलून जादा पैसे मोजण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की साध्या ब्लूटूथ हेडफोनपर्यंत पोचताना तो आवाज पुन्हा दाबला जातो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर कुठलंच लॉसलेस काढत नाही. म्हणून आवडत्या पाच गवयांची यादी करा, फुकट चाचणीच्या काळात ती तपासा आणि ज्याच्याकडे त्यांचं अधिक गाणं सापडेल, त्यालाच पैसे द्या.