मांजराला माणसाची गोळी?

मांजर अंग चोरून बसले, खाण्याला तोंड लावेना, की घरातले कुणीतरी औषधांच्या डब्यातून पॅरासिटामॉल काढते. लहान मुलांना चालते, मग अर्धी गोळी मांजराला का नको, असा हिशेब. तो जिवावर बेततो. माणसाचे यकृत ज्या विकराच्या साहाय्याने हे औषध निकामी करते, तो मांजरात जवळजवळ नसतोच. परिणामी विषारी द्रव्य साचते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. 4 किलोच्या मांजराला 500 मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे किलोमागे 60 मिलिग्रॅमहून अधिक. विषबाधेला 10 मिलिग्रॅमही पुरतात. ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ इथे परवडत नाही. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितक्या लवकर मिळेल तितका लागू पडतो. गोळी दिल्याचे पशुवैद्यकापासून लपवू नये (संकोच वाटला तरी), उलट तिचे पाकीट सोबत न्यावे. खरे तर त्या पाकिटावरच ‘मांजरांना देऊ नये’ ही ओळ ठळक छापायला हवी. औषध कंपन्यांना त्यासाठी फारशी शाई लागणार नाही.