तेरची पांढरी

शेजारच्या काकू परवा इटलीची सहल करून आल्या. पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली सापडलेली हस्तिदंती भारतीय बाई त्यांनी नेपल्सच्या संग्रहालयात पाहिली. फोटो दाखवताना त्यांचा ऊर भरून आला होता. मी म्हटलं, “काकू, त्याच घडणीची एक हस्तिदंती बाई आपल्या तेरला आहे.” त्यांनी विचारलं, “तेर? ते कुठं आलं?” काकू मूळच्या लातूरच्या! तेव्हापासून मला चैन नाही.

तेर-ढोकी म्हटलं की आजीच्या पिढीला लगेच गोरोबाकाकांची समाधी आठवायची. धाराशिवजवळ, तेरणेच्या काठी वसलेलं हे गाव. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते ‘तगर’ म्हणून येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. कोकणात राज्य करणारे शिलाहारसुद्धा स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. विटांचं, मागून चैत्यासारखं अर्धगोल असलेलं त्रिविक्रमाचं देऊळ आजही उभं आहे.

एवढं सगळं जमिनीत होतं, ते वर आलं कसं? आमच्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीवर माणसं राहतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडत गेल्या, त्यांवर नव्या उठल्या, चुलीची राख मिसळली आणि पांढरीची टेकाडं झाली. ही माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, घातली की घर गळत नाही. म्हणून मृग लागायच्या आत बैलगाड्या टेकाडाकडे निघत. दोन हजार वर्षांपूर्वीची घरं खणून लोकांनी आपली घरं शाकारली. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पाऊस डोक्यावर आला होता.

पण त्या मातीतून निघालेलं जपणारा एक माणूस तेरला होता, रामलिंगप्पा लामतुरे. इतरांनी खापर म्हणून भिरकावलं असतं ते त्यांनी उचललं, पुसलं, ठेवलं. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, अशा हजारो वस्तू. आज तेरला त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे आणि ती हस्तिदंती बाई तिथंच आहे. एका माणसाने एका गावासाठी यापेक्षा काय करायचं? मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथं एकदा तरी जायला हवी. आमची कधी गेली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझं आजोळ तेरच्या अलीकडेच. पांढरीची गाडी आली की आजी ओसरीवर बसून घमेल्यातली माती बोटांनी चाळायची. ढेकळं फोडायची, हाडाचे तुकडे टाकून द्यायची. एकदा तिच्या हाताला मणी लागला. तिने तो पदराला पुसून माझ्या मनगटाला काळ्या दोऱ्यात बांधला.

काकू गेल्यावर मी तो डबीतून काढला. तुरीच्या दाण्याएवढा, लालसर, उजेडात धरला तर मधासारखा. भोक दोन्ही बाजूंनी पाडलंय, आणि मधोमध दोन्हीकडच्या वाटा केसभर चुकल्यात. सुई घातली की नेमकी तिथं अडते.