‘१० दिवसांत एमबीए’? लीडरशिप कोर्सची फी भरण्याआधी हे तपासा

दोंडाईचात मिरचीच्या व्यापाऱ्याकडे, बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करताय आणि बढती हवी आहे? मग ‘लीडरशिप कोर्स करा, पगार वाढवा’ अशा जाहिराती तुम्हालाही दिसत असतील. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. पदवी की सर्टिफिकेट?
एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ‘१० दिवसांत एमबीए’सारख्या कोर्सबद्दल सावध केलं होतं. एमबीए ही पदवी आहे आणि ती ऑनलाइन द्यायला आयोगाची मान्यता लागते. बढतीसाठी पदवीचीच अट असेल, तर महागडं सर्टिफिकेटही कामाचं नाही. म्हणून विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या यादीत शोधा.

२. फक्त कौशल्य हवंय?
केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे नेतृत्वावरचे कोर्स मोफत शिकता येतात. फी लागते ती सर्टिफिकेटच्या परीक्षेची. ही परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून फॉर्म भरण्याआधी जवळचं केंद्र बघा.

३. हप्ता कुणाचा?
‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे अनेकदा तुमच्या नावावरचं कर्ज. कोर्स अर्धवट सोडला, तरी हप्ते थांबतीलच असं नाही. रिफंडची अट लेखी घ्या.

आणि सगळ्यात आधी स्वतःच्या ऑफिसात विचारा: ‘या कोर्समुळे इथे बढती मिळते का?’ हे उत्तर मार्केटिंगवाल्याकडून घेऊ नका. बढती तुमचे साहेब देणार आहेत, तो नाही.